अढीत पिकलेली गिटार

आमच्या पाटबंधारे खात्यात निवृत्त होणाऱ्या माणसाला "तुम्हाला भेट म्हणून काय हवं?" असं विचारायची पद्धत आहे. त्यावर त्याने "काही नको हो, तुमचं प्रेम आहे तेवढं पुरे" असं म्हणायचं आणि मग सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला आरामखुर्ची द्यायची, हीसुद्धा पद्धतच आहे. मला विचारलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. एप्रिलची दुपार होती. कंपाउंडमधल्या काजूखाली एक कुत्रं चारी पाय पसरून झोपलं होतं आणि वारा इतका मंद होता की फायलींचे कोपरेसुद्धा हलत नव्हते. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. मी म्हणालो, "गिटार."

हेडक्लार्कनी चष्मा पुसून पुन्हा विचारलं, "काय म्हणालात, नागवेकर?" तेव्हा भानावर येऊन "आरामखुर्ची" म्हणायची संधी मला होती. पण उभी हयात सरकारी नोकरीत गेलेला माणूस एकदा बोललेलं मागे घेत नाही, मग ते कितीही चुकलेलं असो. मी ठामपणे म्हणालो, "गिटारच."

तसं ते अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला मी अलोऱ्याला होतो. तिथल्या खात्याच्या कॉलनीत एक तरुण इंजिनियर संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून गिटार वाजवायचा. तो काय वाजवायचा ते मला आज आठवत नाही, पण रस्त्याने जाणारी माणसं सायकलवरून उतरायची आणि हँडल धरून तशीच उभी राहायची. वाजवून संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, कोणी खोकायचंही नाही. एवढंच ते स्वप्न. आपण वाजवतोय, आणि समोर कोणीतरी, अगदी एकच माणूस असला तरी चालेल, शेवटपर्यंत ऐकतोय. आमच्या ऑफिसात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेला माणूस मला कधी भेटला नाही. घरचा विषय मी इथे काढत नाही.

गिटार घरी आली तेव्हा मथुराने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, खोक्याभोवती एक फेरी मारली. मग ती म्हणाली, "आरामखुर्ची कुठे ठेवायची ते मी ठरवून ठेवलं होतं." आणि ती आत भाकऱ्या करायला गेली. पुढचे काही दिवस गॅलरीतली ती मोकळी जागा ती अधूनमधून नुसती बघत उभी राहायची, तेव्हा मला फार अपराधी वाटायचं.

शुभंकर नावाच्या एका मुलाचा गिटारचा क्लास मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानावर आहे. मुलगा म्हणजे पंचविशीतला, मान हलवली की केस डोळ्यांवर येणारा, पण स्वभावाने गरीब. त्याच्या वर्गात माझ्या शेजारी तिसरीतली शमिका बसते. ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजोबा, तुम्ही गिटार उलटी धरलीय." मी ती सुलटी धरली. शुभंकर म्हणाला, "काका, एकदम रिलॅक्स. आपल्याला कुठे जायचंय?" खरंच मला कुठे जायचं नव्हतं. खालच्या दुकानातून नायलॉनच्या दोऱ्यांचा वास येत होता, खिडकीतून खाडीचं पाणी चकाकताना दिसत होतं, आणि शमिकाचा जी कॉर्ड ऐकत मी स्वतःला अलोऱ्याच्या त्या पायरीवर बसलेला बघत होतो. माझ्या डोक्यात जे वाजत होतं ते अप्रतिम होतं.

शुभंकरने नवशिक्यांसाठी स्वतःच एक चाल बसवलेली आहे. तिला शब्द नाहीत. चार कॉर्ड, हळूहळू वळत जाणारे, आणि शेवटी पहिल्या कॉर्डवर येऊन टेकायचं. "ही एक चाल अख्खी वाजवलीत ना काका, की तुम्ही वाजवणारे झालात," असं तो म्हणाला. मी तेच ध्येय ठेवलं.

गिटार वाजवताना बोटं दुखतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. तारा बोटात अशा रुततात की जेवताना आमटीत बोट घालायची सोय राहत नाही. आमच्या 'सागरदर्शन' सोसायटीचे चेअरमन सखाराम मयेकर (सागराचं दर्शन गच्चीवरच्या टाकीवर चढलं तरच होतं, आणि टाकीवर चढायला चेअरमनची परवानगी लागते) माझी बोटं बघून म्हणाले, "त्यात काय एवढं? कोकमाचं तेल चोळा. टाचांना चालतं ते बोटांना चालतंच." मी चोळलं. त्या दिवशी माझी बोटं तारांवरून अशी घसरत होती की मी कोणता कॉर्ड धरतोय ते मला, गिटारला किंवा शुभंकरला कळेना. तारांना लागलेलं तेल मग मी भांड्याच्या साबणाने धुतलं, आणि समुद्राची हवा ती शेवटी समुद्राचीच हवा, तारा गंजल्या.

तारा बदलल्या तरी आवाज फाटकाच येत होता. सकाळी सुरात लावलेली गिटार दुपारपर्यंत भलतंच बोलायची. मे महिना होता. भिंतीला हात लावला तरी घाम सुटल्यासारखा ओला लागत होता. मयेकरांनी गिटारीवर टिचकी मारली, कान लावला आणि निदान केलं, "लाकडात ओल शिरलीय, नागवेकर. सुकवायला हवं." आता सुकवायचं कसं? उन्हात ठेवली तर तडकेल, हे मलाही कळत होतं. ओव्हनचा विचार मथुराने बोलून दाखवला, पण तिच्या आवाजात मला प्रामाणिकपणा जाणवला नाही.

तेव्हा तळमजल्यावरच्या सोनूकाकी पुढे आल्या. काकींचा एकुलता एक मुलगा निलेश मालवाहू बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. काकी एकट्या राहतात आणि दर मे महिन्यात जयगडकडच्या माहेराहून आलेल्या आंब्यांची अढी मागच्या खोलीत घालतात. भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, दार-खिडकी बंद. आत गेलं की ऊब अशी अंगाला येते की आपणही दोन दिवसांत पिकू असं वाटतं. काकी म्हणाल्या, "अरे भाऊ, कच्च्या आंब्याला जी ऊब लागते तीच लाकडाला. ठेव माज्या अढीत. कोपऱ्यात जागा हाय."

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण आमच्या रत्नागिरीत अढीवर अविश्वास दाखवणं शोभत नाही. मयेकर म्हणाले, "हे मला कसं सुचलं नाही!" मी गिटार उचलून पेंढ्यात नीट आडवी ठेवली, वर पेंढा सारखा केला, आणि दार लोटताना मला मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखं वाटलं.

आंबे तयार झाले तेव्हा काकींनी हाक मारली. गिटार बाहेर काढली तर ती जड लागत होती. हलवली तर आत काहीतरी गडगडलं. मी भोकातून आत पाहिलं. आतून एक हापूस माझ्याकडे बघत होता.

"काकी, हे काय?"

"येवडी मोकळी जागा होती बाबा आतमदी," काकी शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तारा सारून थोडे ठेवले. बाहेर जागा पुरत नव्हती."

तारा काढून, हात घालून एकेक आंबा बाहेर काढला. शेवटचा हाताला लागताच फुटला. त्याचा रस कुठे कुठे गेला हे कळायला मार्ग नव्हता, पण अजूनही ऊन पडलं की माझ्या गिटारीला मुंग्या येतात. ऊब मात्र काकी म्हणाल्या तशी चांगलीच लागली होती. लाकडातली ओल गेलीच, शिवाय सरसही सुटला होता. तारा जिथे अडकवतात ती पट्टी एका बाजूने उचलली गेली होती आणि पुढची फळी मधोमध फुगली होती. मी ती शुभंकरकडे नेली. त्याने केस मागे सारून ती पाहिली, मग वास घेतला, मग खूप वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "कुठे होती ही?"

"अढीत," मी म्हणालो.

तोही रत्नागिरीचाच. त्याने पुढे काही विचारलं नाही. पट्टी चिकटवून त्याने तारा बांधल्या, पण बजावून सांगितलं, "हिला आता ताणायचं नाही. सूर खालीच ठेवा, सैल. वर चढवायला गेलात तर पट्टी उपटून तोंडावर येईल."

तेव्हापासून माझ्या गिटारीचा आवाज बदलला. पूर्वीचा तो पत्र्यासारखा खणखणाट गेला आणि एक खोल, संथ, गोलसर घुमणं आलं. लांबच्या घरात कोणीतरी सावकाश ताक घुसळतंय असा तो आवाज. मला तो फार आवडला. मी डोळे मिटून एकेक तार छेडत बसलो की मला खाडीच्या पाण्यावर होडीत पाठ टेकून पडल्यासारखं वाटायचं. वाजवायला बसायची वेळ मला दुपारचीच सापडली, कारण सकाळी मथुराचा आकाशवाणी केंद्राशी संबंध असतो आणि संध्याकाळी मालिकांशी.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रत्नागिरीत दुपारी जेवण झाल्यापासून चहा होईपर्यंत जो वेळ असतो तो माणसांचा नसतो. त्या वेळात दुकानाची फळी अर्धी लागते, बेल वाजवणाऱ्याला विचारपूस न करता परत पाठवलं जातं, आणि भर रस्त्यात भांडणारी माणसंही "चार वाजता या" असं सांगून पांगतात. अशा वेळेत गिटार वाजवणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं. पहिल्याच आठवड्यात मयेकर वर आले. हातात सोसायटीच्या लेटरहेडवर टाइप केलेली नोटीस होती, अंगात बनियन होतं आणि डोळे लाल होते.

"नागवेकर, हे चालायचं नाय हो," ते म्हणाले. "कमिटीने ठराव केलाय."

"एवढा एक कॉर्ड पुरा करतो," मी म्हणालो. "बसा ना दोन मिनिटं."

ते बसले. मी जी वाजवला, त्यावरून डीवर गेलो, डी नीट लागेना म्हणून पुन्हा जीवर आलो. मान वर करून पाहिलं तर मयेकर खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते. नोटीस त्यांच्या पोटावर होती आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

आधी मला तो योगायोग वाटला. मग "अहो, गॅसवर दूध..." असं म्हणत आलेली मथुरा वाक्य अर्धं सोडून सोफ्यावर कलंडली. मग पार्सल घेऊन आलेला कुरियरवाला सही होईपर्यंत जिन्यात टेकला आणि चहाच्या वेळी त्याला उठवावं लागलं. आठवड्याभरात ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. नोटीस आपोआप रद्द झाली. जेवणं आटोपली की खिडक्या उघडल्या जायच्या, चटया पसरल्या जायच्या, आणि खालून आवाज यायचा, "नागवेकर, आज जरा लवकर सुरू करा हो, साडेतीनला बँकेत जायचंय!" रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी माणसं माझे आभार मानू लागली. मयेकर तर म्हणाले, "तुमच्या त्या दुसऱ्या कॉर्डला काय गुण आहे! तिसरा कसा असतो ते मात्र अजून कळलं नाय."

मला काय वाटलं असेल याची कल्पना कोणी केली नाही. ज्या माणसाला एकच श्रोता हवा होता त्याला अख्खी इमारत मिळाली, आणि ती घोरत होती. माझा चौथा कॉर्ड एव्हाना बरा लागायला लागला होता, पण 'सागरदर्शन'मध्ये तो ऐकलेला एकही जीव नव्हता. मी मुद्दाम जोरात वाजवून पाहिलं, तर झोपा अधिक गाढ झाल्या. कोणी टोमॅटो फेकून मारला असता तरी चाललं असतं. निदान त्याला डोळे उघडे ठेवून नेम धरावा लागला असता.

आणि अशात एके दिवशी सोनूकाकी वर आल्या.

पावसाचा जोर कमी झाला होता. दुपारचं ऊन पिवळं, ओलसर पडलं होतं. काकी गॅलरीच्या दाराशी बसल्या, पदराखाली दोन्ही हात घेऊन. मी वाजवायला लागलो. सोफ्यावर मथुरा आडवी झाली, खाली मयेकरांच्या घरातला पंखा तेवढा ऐकू यायला लागला, सगळी इमारत हळूहळू निजली, आणि काकी जाग्या होत्या! दुसरा कॉर्ड झाला, तिसरा झाला, चौथा झाला. काकींची नजर गॅलरीच्या पलीकडे लागलेली, पापणीसुद्धा लवत नव्हती. मी इतका हरखलो की शेवट चुकलो. तरी त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मग रोजच यायला लागल्या. जुन्या माणसांना सुराची जाण असते असं मी मथुराला म्हणालो. काकींसाठी मी धुतलेला सदरा घालून वाजवायला बसू लागलो. चाल अख्खी बिनचूक वाजवायची आणि काकींनी ती शेवटपर्यंत ऐकायची, मग मला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. रात्री बोटं उशीवर नाचवत मी झोपी जायचो.

"काकींचे कान फार तयार आहेत," मी एकदा चहा पिताना म्हणालो.

मथुराने कप खाली ठेवला. "अहो, तुम्हाला खरंच माहीत नाही?" ती म्हणाली. "त्या रेंजसाठी येतात. तळमजल्यावर फोन लागत नाही. आपल्या गॅलरीत लागतो. निलेशचा फोन आला नाहीये कितीतरी दिवसांत. पदराखाली फोन धरून बसतात त्या. रात्रीसुद्धा झोपत नाहीत, उंबऱ्यात बसून असतात."

मी चहा तसाच ठेवला. खरं सांगायचं तर आधी मला माझंच वाईट वाटलं. माझा एकुलता एक श्रोता रेंजसाठी येत होता. मग थोड्या वेळाने मला लाज वाटली, आणि मग काकींचे ते डोळे आठवले. ते बघत मी इतके दिवस समोर बसत होतो आणि मला त्यात संगीताची जाण दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी मी निलेशच्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत फोन लावला. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं माणसांना ताटकळत ठेवल्यामुळे ताटकळायचं कसं हे मला चांगलं कळत होतं. एका बाईंनी दुसऱ्या विभागाचा नंबर दिला, त्या विभागाने तिसऱ्या विभागाचा दिला, आणि तिसऱ्या विभागाने सांगितलं की जहाज सुखरूप आहे, इंटरनेटच्या यंत्रणेत बिघाड आहे, नातेवाइकांनी काळजी करू नये. हीच वाक्यं मीही आयुष्यभर लोकांना ऐकवली होती, फक्त जहाजाच्या जागी कालवा असायचा. मी ती काकींना सांगितली.

"ते बोटीचं सांगतायत, भाऊ," काकी म्हणाल्या. "माज्या निलेशचा आवाज कोणी आयकलाय?"

काकींचे डोळे आत गेले होते. बोलता बोलता त्या मधेच थांबायच्या, काय बोलत होतो ते विसरायच्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या घेत नव्हत्या. झोप लागली आणि तेवढ्यात फोन येऊन गेला तर, ही भीती. मथुरा म्हणाली, "असंच चाललं तर अंथरूण धरतील हो त्या."

मग मी ठरवलं की काकींना झोपवायचं. हसू नका. सगळी इमारत जे झोपेचं औषध म्हणून वापरत होती ते माझ्याजवळ होतं, आणि ज्या एका माणसाला त्याची गरज होती त्यालाच ते लागू पडत नव्हतं. माझा मान-अपमान मी गुंडाळून ठेवला आणि दुपारच्या जोडीला सकाळ-संध्याकाळही वाजवायला लागलो. काकी बसल्या की मी वाजवायचो. परिणाम असा झाला की 'सागरदर्शन'मध्ये दुधं उतू जायला लागली. कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजेना. पाण्याची टाकी भरून वाहत राहिली, कारण पंप बंद करणारे मयेकर पंपाशेजारीच झोपले होते. वार्षिक सभा संध्याकाळी ठेवली होती. हजेरी भरपूर होती, पण ठरावाच्या बाजूने हात वर करायला कोणी जागं नव्हतं. मयेकर हात जोडत वर आले, "नागवेकर, दुपारी वाजवा, मी स्वतः सतरंजी घालतो. पण संध्याकाळी नको हो. सून रागावते."

"काकींना झोप लागेपर्यंत मी थांबणार नाही," मी म्हणालो. मयेकरांनी काकींकडे पाहिलं. मग ते खाली गेले, आणि त्या दिवसापासून पंपाजवळ त्यांनी गजराचं घड्याळ ठेवलं.

काकी मात्र बसलेल्याच. मी त्यांना म्हणालो, "काकी, मी जागा आहे ना. फोन इथे माझ्यासमोर स्टुलावर ठेवा. वाजला तर मी बघतो. तुम्ही वायच डोळे मिटा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू झोपनार नायस?"

"मला माझ्याच वाजवण्याने झोप येत नाही," मी म्हणालो. "मीच एवढा एकटा उरलोय."

काकींनी पदराखालून फोन काढला, पुसला, आणि स्टुलावर ठेवला. हात रिकामे झाल्यावर ते कुठे ठेवायचे हे त्यांना समजेना. मी वाजवायला लागलो. श्रावणातली दुपार होती, ऊन येत होतं आणि जात होतं, कंपाउंडच्या भिंतीवरच्या शेवाळातून वाफ वर चढत होती. मी कॉर्ड बदलत राहिलो, शक्य तितक्या हळू, काही दुसरं मनात न आणता. पलीकडे मथुरा निजली. कावळे गप्प झाले. आणि मान वर केली तेव्हा काकींचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं होतं आणि ओठ जरासे उघडे होते. काकी झोपल्या होत्या.

मला ओरडावंसं वाटलं. मी अर्थातच ओरडलो नाही. मी वाजवत राहिलो.

आणि फोन वाजला.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. वाजवणं थांबवलं तर काकी जाग्या होतील, फोन वाजत ठेवला तरी जाग्या होतील. मी अंगठ्याने वरची जाड तार तेवढी चालू ठेवली, डाव्या हाताची दुखरी बोटं सोडवली आणि फोनच्या पडद्यावरून फिरवली. फोन स्पीकरवर सुरू झाला. मी आवाज कमी केला आणि वाकून कुजबुजलो, "हॅलो."

"हॅलो! आये?"

"निलेश, मी नागवेकर. वरच्या मजल्यावरचा."

"काका! आय कुठाय? बरी हाय ना?"

"समोरच आहे माझ्या. बरी आहे. झोपलीय. आत्ताच लागलीय झोप, कितीतरी दिवसांनी. उठवतो."

पलीकडे नुसता कसलातरी यंत्राचा आवाज येत राहिला. मग निलेश म्हणाला, "नको नको काका, उठवू नका. वायच पडू दे तिला. मी थांबतो ना लायनीवर. आमचं नेट आत्ताच चालू झालंय. इंजिनचं काम निघालेलं, आमी पण कोणी धड झोपलो नाय इकडे." मग त्याने विचारलं, "काका, मागे काय वाजतंय?"

"मी वाजवतोय. गिटार."

"तुमी?"

"हो."

"बरं वाटतंय आयकायला," निलेश म्हणाला. "वाजवा ना."

मी दोन्ही हात गिटारीवर घेतले. पहिला कॉर्ड लागला, दुसरा लागला. तिसऱ्यावर जाताना स्टुलावरून एक लांब श्वास आला. मग दुसरा. आणि मग, कुठल्या समुद्रावरून कोण जाणे, फोनमधून घोरण्याचा आवाज यायला लागला. आधी हळू, मग चांगला दणदणीत, शेवटी शीळ घातल्यासारखा वर चढणारा. मी दोघांच्या मधे बसून वाजवत राहिलो. चौथा कॉर्ड झाला, चाल वळून पहिल्यावर येऊन टेकली. अख्खी, बिनचूक. मी इकडे-तिकडे पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं.

मग काकींनी डोळे उघडले. इतके दिवस इमारतभर चाललेल्या घोरण्याने त्यांची पापणीही हललेली नव्हती. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि त्या सावकाश म्हणाल्या, "निलेश घोरतोय."

"काकी, फोन चालूच आहे," मी म्हणालो. "हाक मारा त्याला. बोला."

त्यांनी मान हलवली. "झोपू दे. दमलाय." फोन दोन्ही हातांनी उचलून त्यांनी कानाला लावला आणि ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा मी इतके दिवस बघत होतो, पण हा चेहरा मी पाहिलेला नव्हता. "बापूस पन असाच घोरायचा त्याचा," त्या म्हणाल्या. "शेवटाला शीळ घालायचा." गालावरून पाणी ओघळत होतं ते त्या पुसत नव्हत्या.

माझा हात कधी थांबला ते मला कळलं नाही. फोनमधलं घोरणं अडखळलं, मधेच तुटलं. काकींनी डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं.

"थांबलास कशाला? वाजव. जागा होईल तो."

मी वाजवायला लागलो. काकी फोन कानाशी धरून, डोळे टक्क उघडे ठेवून शेवटपर्यंत ऐकत होत्या. माझं नव्हे, ते मला कळत होतं. मला रडू येत होतं, बोटं जागोजाग चुकत होती, आणि त्याकडे लक्ष द्यायला तिथे कोणालाही फुरसत नव्हती.